ऐकू येते, पण कळत नाही!



खानदेशची भूमी ही केवळ कापूस आणि केळी पिकविणारी भूमी नाही. ती कान देऊन ऐकणाऱ्यांचीही भूमी आहे. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत असत. ते बोलणे साने गुरुजींनी एकाग्रतेने ऐकले, उतरवून घेतले आणि त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला व पुढे साऱ्या देशाला लाभला. जळगावजवळच्या असोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या मुखातून आलेले काव्य सोपानदेवांनी व आप्तांनी ऐकून टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने मराठीला मिळाले. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर ज्या समर्थांचे हस्तलिखित धन जतन करून आहे, त्या समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचे निरूपण करताना पहिला समास दिला तो श्रवणभक्तीला. लिहिणाऱ्याच्या आधी बोलणारा असतो हे खरे. पण बोलणाऱ्याच्या शब्दाला आयुष्य मिळते ते ऐकणाऱ्यामुळे.

असे असूनही ज्या इंद्रियाने हे श्रवण घडते, त्या कानाविषयी आपल्या घरांतून विलक्षण उदासीनता आढळते. वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली की माणूस आठवडाभरात चष्म्याच्या दुकानात जातो. दात दुखला की दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जातो. ऐकू कमी येऊ लागले की मात्र तो काय करतो? तो दूरचित्रवाणीचा आवाज वाढवितो. घरातील मंडळी वैतागतात, आणि कोणीतरी म्हणते, ‘आता आबांचे वय झाले!’ बस्स, निदानही झाले आणि उपचारही संपले. या ‘वय झाले’ या दोन शब्दांनी जितकी माणसे घरातल्या घरात एकाकी केली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांनी केली असतील.

चिंता लपविण्याची घाई

कमी ऐकू येत असल्याची शंका प्रथम कोणाला येते? बहुधा ती त्या व्यक्तीलाच येते. परंतु ती बोलून दाखविली जात नाही. जगप्रसिद्ध संगीतकार बीथोव्हेन तिशीतच या दुखण्याच्या विळख्यात सापडला. ‘मला ऐकू येत नाही’ हे लोकांना सांगणे अशक्य वाटते, म्हणून आपण माणसांत मिसळणेच टाळतो, अशा आशयाचे पत्र त्याने १८०१ साली आपल्या एका वैद्य मित्राला लिहिले. एवढा मोठा कलावंत, पण बहिरेपणापेक्षा बहिरेपण उघड होण्याचे भय त्याला अधिक छळत होते. दोनशे वर्षांनंतर जळगावच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची किंवा धुळ्याच्या एखाद्या व्यापाऱ्याची अवस्था याहून फार वेगळी नसते. बैठकीत सारे हसले की तेही हसतात. विनोद मात्र कळलेला नसतो. हळूहळू ते बैठकीला येणेच सोडतात, आणि लोक म्हणतात, ‘नाना अलीकडे तुसडे झाले आहेत.’

म्हणून लक्षणे नीट ओळखावयास हवीत. समोरच्याला वारंवार ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागणे; एकेकट्याशी बोलताना अडचण नसणे, परंतु लग्नाच्या पंगतीत किंवा चार जणांच्या गप्पांत धागा सुटणे; दूरध्वनी एका विशिष्ट कानालाच लावण्याची सवय जडणे; दूरचित्रवाणीचा आवाज इतरांना असह्य वाटणे; बायका-मुलांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्यापेक्षा अस्पष्ट भासणे; कानात सतत शिट्टीसारखा किंवा रातकिड्यासारखा आवाज येणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील, तर ती चाचणीची वेळ होय. तेथे तर्क-वितर्क करीत बसण्याचे कारण नाही.

या दुखण्याची सर्वांत फसवी खूण म्हणजे ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार. घरच्यांना ती खोटी वाटते. ‘हवे तेव्हा बरोबर ऐकू येते!’ असा टोमणाही मारला जातो. वस्तुतः ती तक्रार अक्षरशः खरी असते. आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ यांसारखे ध्वनी, खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारे ध्वनी वरच्या पट्टीचे आणि क्षीण असतात. वयोमानाने किंवा गोंगाटाने कान बिघडतो तेव्हा बहुधा प्रथम ही वरची पट्टी जाते. परिणामी आवाज कानावर पडतो, पण शब्दाचा काठ झिजलेला असतो. बाजार समितीत कोणी ‘साठ’ म्हणाला आणि त्यातील ‘स’ निसटला, तर कानात उरतो तो ‘आठ’! जेथे भावावर व्यवहार ठरतो तेथे ही चूक किती महागात पडेल, हे खानदेशच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. आणि अशा माणसापुढे ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने स्वर मोठा होतो, व्यंजन नव्हे. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलणे हेच खरे.

गेलेले परत येत नाही

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक लहानशी नलिका असते. तीत जन्मतः सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विद्युत्संदेशांत रूपांतर करून ते मेंदूकडे पोचविण्याचे काम याच यंत्रणेत होते. त्वचा पुन्हा भरून येते, हाड पुन्हा सांधते. परंतु मनुष्याच्या या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच कानाच्या बाबतीत ‘बघू पुढे’ हे धोरण सर्वाधिक घातक ठरते.

आपल्या भागात या पेशींवर घाला घालणारी कारणे थोडीथोडकी नाहीत. अमळनेर, धुळे आणि जळगाव येथील कापड गिरण्यांनी एके काळी हजारो कुटुंबांना भाकरी दिली. मागांच्या खडखडाटात ज्यांनी आयुष्य काढले, त्या पिढीच्या कानांनी त्याची किंमत मोजली. आज ते साचे थंडावले असले, तरी डाळमिल, जिनिंग-प्रेसिंग, पीठगिरण्या, पत्रे व पाइप घडविणारे कारखाने, भुसावळचे रेल्वेचे कारखाने आणि वरणगावचा दारूगोळा निर्मितीचा कारखाना यांत काम करणाऱ्यांचा प्रश्न संपलेला नाही.

गोंगाटाचे एक साधे गणित ध्यानात ठेवावे. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल असते. ८५ डेसिबलच्या गोंगाटात आठ तास काढणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ला चार तास, ९१ला दोन तास, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे! वरातीपुढे किंवा मिरवणुकीपुढे वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा आवाज सहज १०० डेसिबल ओलांडतो. तेथे लहान मुलाला खांद्यावर घेऊन तासभर उभे राहणारे पालक आपण पाहतो. उत्सव आपलाच असतो, मूलही आपलेच असते. मग त्याच्या कानांची काळजी अन्य कोणी वाहावी? केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ते नियम परक्याने लादलेले जोखड नसून आपल्याच नातवंडांचे संरक्षण आहे, असे मानले पाहिजे.

याखेरीज मधुमेह, अनुवंशिकता, वाहता कान, तसेच स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी काही औषधे ही कारणेही आहेत. ही औषधे प्राण वाचवितात. ती मनाने बंद करू नयेत. मात्र औषध चालू असताना कानात आवाज येऊ लागला किंवा ऐकणे मंदावले, तर वैद्यांना त्याच दिवशी सांगावे. आणि एक घरगुती सवय आवर्जून सोडावी : कान दुखला की गरम तेल ओतणे, आणि खाज आली की काडी, पिन किंवा किल्ली फिरविणे. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन संसर्ग वाढतो. काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत दडपला जातो.

चाचणीचे भय कशाला?

चाचणी म्हटले की अनेकांच्या मनात सुई, गुंगी आणि खर्च यांचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात श्रवणचाचणीइतकी निरुपद्रवी तपासणी दुसरी क्वचितच असेल. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने कानात पाहतात. कित्येकदा मळाचा बोळा निघतो आणि चिंता तेथेच संपते! त्यानंतर कंप पावणारा चिमटा कानाजवळ आणि कानामागील हाडावर धरून दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात, याचा अंदाज घेतला जातो.

पुढची पायरी श्रवणतज्ज्ञांची. शांत कक्षात बसवून कानाला हेडफोन लावले जातात. वेगवेगळ्या पट्टीचे, हळूहळू मंद होत जाणारे सूर ऐकविले जातात. अगदी अस्पष्ट का होईना, सूर ऐकू आला की हात वर करावयाचा किंवा कळ दाबावयाची. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. ऐकू न आलेला सूर ऐकू आला असे सांगून फसवणूक होते ती स्वतःचीच. नंतर हाडावर छोटे यंत्र लावून तीच चाचणी पुन्हा होते आणि सामान्यतः शब्द ओळखण्याची चाचणीही घेतली जाते. सारे मिळून साधारण अर्धा-पाऊण तास. हाती येतो तो आलेख. त्यात उजवा कान तांबड्या गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखविण्याची पद्धत आहे. गोंगाटाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ एक खाच दिसते. कारखान्यातील कामगाराने ती खाच असल्यास तज्ज्ञांकडून समजून घ्यावी.

आलेखावरील आकडाही स्वतः समजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार चांगल्या कानाची पातळी २० डेसिबलच्या आत असल्यास श्रवण सामान्य. २० ते ३५ सौम्य दोष. ३५ ते ५० मध्यम. ५० ते ६५ मध्यम-तीव्र. आणि त्यापुढे तीव्र व अतितीव्र. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मात्र दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेल्यास ‘ऐकण्यास कठीण जाणारी’ आणि ७०च्या पुढील व्यक्तीस ‘कर्णबधिर’ म्हटले आहे. याचा अर्थ ४५ डेसिबलचा दोष असणाऱ्याला बहुधा प्रमाणपत्र मिळणार नाही. परंतु त्याचा त्रास काल्पनिक ठरत नाही. प्रमाणपत्राची रेषा वेगळी आणि उपचाराची रेषा वेगळी. ‘सरकार बहिरा मानत नाही, म्हणजे कान ठीक आहे’ असा निष्कर्ष कोणी काढू नये.

यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९पासून आहे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. दोन्ही शहरांत खासगी तज्ज्ञही आहेत. गुंतागुंतीच्या प्रसंगी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ पासून याच कार्यासाठी उभी आहे. भ्रमणध्वनीवरील चाचण्या ही केवळ सूचना समजावी, निदान नव्हे. आणि यंत्र घेताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यावे. जाहिरात पाहून मागविलेले, सरसकट सगळाच आवाज मोठा करणारे यंत्र म्हणजे दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा होय.

तातडी कोठे आहे?

बहुतेक श्रवणदोष सावकाश येतो, परंतु एक प्रकार असा आहे की ज्यात दिवस मोजावे लागतात. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, कान गच्च वाटू लागला, तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून वाट पाहू नये. आतल्या कानाचा हा आकस्मिक आघात असू शकतो. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. महिन्यानंतर आलेल्या रुग्णापुढे वैद्याचे हात बांधलेले असतात. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ गाठावा.

दुसरी तातडी बालकांची. मूल बोलायला शिकते ते ऐकून. जन्मानंतर एका महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारांचा आरंभ, हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. तान्ह्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून, ते झोपलेले असतानाच काही मिनिटांत ही चाचणी होते. ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ या आजीच्या दिलाशात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि भाषा रुजण्याचा सर्वोत्तम काळ हातचा जातो. शाळा-अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्यात श्रवणदोषाचा समावेश आहे. पथक आले असता आपले मूल गैरहजर राहणार नाही, एवढे तरी पालकांनी पाहावे.

चाचणीनंतर

निकालाने खचून जाण्याचे कारण नाही. मळ असेल तर तो काढता येतो. पडद्याला छिद्र असेल तर तो शस्त्रक्रियेने सांधता येतो. मधल्या कानातील हाड आखडले असेल, आणि हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो, तर त्यावरही शस्त्रक्रिया आहे. आतल्या कानाचा दोष असेल तर श्रवणयंत्र, आणि अतितीव्र दोषात काही रुग्णांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट. श्रवणयंत्र पहिल्याच दिवशी आवडत नाही. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्या पावलांचा आवाज, हे सारे एकदम अंगावर येते. मेंदूला पुन्हा ऐकण्याची सवय लागण्यास काही आठवडे जातात. आरंभी घरात, मग अंगणात, मग बाजारात, अशा क्रमाने यंत्र वापरावे. पहिल्या आठवड्यातच ते कपाटात ठेवून देणे म्हणजे पेरणी करून दुसऱ्या दिवशी उगवण पाहण्यासारखे आहे.

आयुष्याच्या मध्यावरील श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या प्रमुख जोखमींपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४च्या अहवालांत नोंदविले आहे. म्हणजे यंत्र लावले की स्मरणशक्ती नक्की टिकेल, असे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सर्व सहभागींचा एकत्र विचार करता तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांना धोका मुळातच अधिक होता त्या ज्येष्ठांत मात्र बौद्धिक ऱ्हासाचा वेग जवळजवळ निम्म्याने कमी आढळला. पण त्या अभ्यासाची वाट न पाहताही एक लाभ निश्चित आहे : घरातील माणूस पुन्हा घरातल्या बोलण्यात येतो.

कामगारांच्या मनात आणखी एक भीती असते : ‘तपासणीत दोष निघाला तर नोकरी जाईल.’ याविषयी कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्यास सेवाकाळात दिव्यांगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. गोंगाटामुळे आलेला श्रवणदोष हा कायद्याने नोंद करावयाच्या व्यावसायिक रोगांपैकी एक आहे, आणि नुकसानभरपाईच्या तरतुदींतही त्याला स्थान आहे. तपासणीचा जुना कागद हाती असेल तरच हा हक्क सिद्ध करणे सोपे जाते. चाचणी टाळणारा कामगार आपला पुरावाच टाळत असतो.

खर्चाची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. केंद्राने २००७ साली बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशात सुमारे ६.३ कोटी लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्यामागे होता. गरजू ज्येष्ठांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तीत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहाय्यक उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद केली. योजना कागदावर असतात. त्या म्हाताऱ्या माणसाच्या दारापर्यंत नेण्यास हात लागतात.

तेथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपल्या वस्तीतील साठीपुढील माणसांची यादी करणे, त्यांना तपासणीस नेणे-आणणे, अर्ज भरून देणे, यंत्र मिळाल्यावर महिन्याने पुन्हा जाऊन ‘ते कपाटात तर गेले नाही ना?’ हे पाहणे, याला मोठा निधी लागत नाही. शिबिर एका दिवसात संपते. पाठपुरावा मात्र वर्षभर चालतो, आणि फळ त्यालाच लागते.

घरोघरीही एवढेच करावे. येत्या रविवारी जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि घरातील ज्येष्ठांशी त्यांच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात एखादे वाक्य बोलून पाहावे. उत्तर आले तर आनंद आहे. न आले तर रागावू नये, हसू नये आणि ‘वय झाले’ असेही म्हणू नये. सोमवारी त्यांच्यासोबत निघावे. कारण एकट्याने जा म्हटले तर ते जाणार नाहीत; सोबत कोणी आले तर बहुधा नाही म्हणणार नाहीत.